हलक्या वजनाच्या स्कायडायव्हरने कॅनोपीचा आकार कसा ठरवावा

हा लेख पन्नास किलोच्या आसपास किंवा त्याहून कमी वजन असलेल्या आणि स्कायडायव्हिंगचे प्रशिक्षण नुकतेच सुरू केलेल्या किंवा सुरू करू पाहणाऱ्या वाचकांसाठी आहे. कॅनोपी म्हणजे पॅराशूटचे डोक्यावर उघडणारे कापडी छत, आणि ते किती मोठे घ्यावे हा येथील प्रश्न आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातील इच्छुकांना या प्रशिक्षणासाठी बहुधा बाहेरच जावे लागते. म्हैसूरला शिबिर असेल तर कोणी तिकडे जातो, कोणी हरियाणातील नारनौल गाठतो, आणि ज्यांना परवडते ते दुबई, थायलंड किंवा स्पेनला जातात. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर आणि २००६ मध्ये अंटार्क्टिकावर उडी घेतली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये थायलंडमध्ये त्यांनी नऊवारी नेसून उडी मारली. त्यामुळे हा खेळ मराठी घरांतल्या मुलींना अनोळखी राहिलेला नाही. कमी वजनाचा प्रश्न मुलींना अधिक भेडसावतो, म्हणून पुढील उदाहरण एका मुलीचेच घेतले आहे.

एक गैरसमज आधी दूर केलेला बरा. बेळगाव हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे गाव असल्याने येथे पॅराशूट म्हटले की डोळ्यांपुढे लष्करी पॅराशूट येते. या रेजिमेंटची जुनी तिसरी बटालियन पुढे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली आणि तीच ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईलला उतरली, ही हकीकत येथील माजी सैनिकांच्या घरांत आजही सांगितली जाते. ते पॅराशूट गोल होते. गोल पॅराशूटला पुढे जाण्याचा वेग जवळजवळ नसतो, ते वाऱ्याबरोबर वाहते, आणि त्याखालचा माणूस हलका असेल तर तो अधिक सावकाश खाली येतो, एवढाच काय तो फरक पडतो. खेळातली कॅनोपी मात्र चौकोनी, कप्प्याकप्प्यांची, हवा भरून ताठ होणारी असते आणि ती पंखासारखी पुढे उडते. तिच्याखाली वजन, क्षेत्रफळ, दोरांची लांबी आणि हवेची घनता या सगळ्यांचा वेगावर आणि वळण्यावर परिणाम होतो. म्हणून ‘वजन कमी आहे, काळजी नको’ हा गोल पॅराशूटच्या काळातला सल्ला या कॅनोपीला लावता येत नाही.

पहिली पायरी: विमानातून बाहेर पडतानाचे वजन मोजा

कॅनोपीचा हिशेब अंगाच्या वजनावर होत नाही. कपडे, बूट, हेल्मेट, अल्टिमीटर (उंची दाखवणारे यंत्र) आणि मुख्य व राखीव कॅनोपीसह संपूर्ण रिग (पाठीवर बांधायचा पॅराशूटचा संच), हे सगळे धरून विमानाच्या दारातून जेवढे वजन बाहेर पडते, तेवढे धरायचे. नेहमीच्या खेळाच्या रिगचे वजन साधारण ९ ते १२ किलो असते आणि प्रशिक्षणाची रिग त्याहून जड असू शकते. सगळा साज चढवून एकदा काट्यावर उभे राहणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे. स्नानघरातला काटा चालतो, बेळगावच्या रविवार पेठेतील एखाद्या दुकानातला धान्याचा काटा मिळाला तर अधिकच चांगले.

हलक्या व्यक्तीने ही पायरी टाळू नये, याला कारण आहे. माणूस निम्म्या वजनाचा असला म्हणून रिग निम्म्या वजनाची होत नाही. समजा खानापूरच्या एका विद्यार्थिनीचे वजन ४६ किलो आहे, कपडे, बूट व इतर साहित्य अडीच किलो आणि रिग ११ किलो आहे. एकूण ५९.५ किलो झाले, म्हणजे अंगाच्या वजनावर सुमारे २९ टक्क्यांची भर पडली. तिच्याच तुकडीतल्या ८८ किलोच्या तरुणाचे साहित्य मिळून १६ किलो झाले, तर त्याच्या वजनात भर पडते ती सुमारे १८ टक्क्यांची. अंगाच्या वजनावरून अंदाज करणारी हलकी व्यक्ती म्हणूनच अधिक फसते.

आणखी एक वजन बहुतेकांच्या ध्यानातून निसटते. हलका माणूस मुक्त पतनात इतरांपेक्षा सावकाश पडतो, त्यामुळे गटाबरोबर उडी घेताना त्याला शिशाचा पट्टा किंवा शिसे भरलेले जाकीट घालावे लागते. पाच किलो शिसे म्हणजे ११ पौंड, आणि कॅनोपी उघडल्यावर ते कोठेही जात नाही. ज्या दिवशी शिसे घालायचे त्या दिवशी हिशेबही शिशासकट करावा.

दुसरी पायरी: भागाकार करा, पण तेथे थांबू नका

जगभर वापरला जाणारा आकडा विंग लोडिंगचा आहे. बाहेर पडतानाचे वजन पौंडांत घ्यायचे आणि त्याला कॅनोपीच्या चौरस फुटांतील क्षेत्रफळाने भागायचे. एक किलो म्हणजे २.२ पौंड, म्हणून आपल्या विद्यार्थिनीचे ५९.५ किलो म्हणजे १३१ पौंड झाले. २१० चौरस फुटांच्या कॅनोपीखाली तिचे विंग लोडिंग ०.६२ येते, १९० खाली ०.६९, १७० खाली ०.७७, १५० खाली ०.८७ आणि १३५ खाली ०.९७.

अमेरिकेतील यूएसपीए या संघटनेची शिफारस अशी आहे की ए आणि बी परवान्यापर्यंत विंग लोडिंग १.० च्या वर नसावे, सी परवान्याला ते १.२ पर्यंत आणि डी परवान्याला १.४ पर्यंत असावे. ए परवान्याला किमान २५, बीला ५०, सीला २०० आणि डीला ५०० उड्या लागतात. आता कोणी एवढेच वाचले, तर त्याला वाटेल की ही विद्यार्थिनी २५ उड्या पूर्ण करून १३५ ची कॅनोपी सुखाने घेऊ शकते, कारण आकडा अजून एकाच्या आतच आहे. कागदावर हे बरोबर दिसते आणि प्रत्यक्षात ते धोक्याचे आहे.

तिसरी पायरी: हलक्या माणसाला हा आकडा का फसवतो, ते समजून घ्या

आपल्या ८८ किलोच्या तरुणाचे एकूण वजन १०४ किलो, म्हणजे २२९ पौंड आहे. विंग लोडिंग १.० ठेवायचे असेल तर त्याला सुमारे २३० ची कॅनोपी लागेल आणि विद्यार्थिनीला सुमारे १३० ची. दोघांचा आकडा एकच आहे आणि सरळ उडतानाचा वेगही जवळपास सारखाच राहील, कारण तो वेग विंग लोडिंगच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. पण कॅनोपीचे वागणे केवळ सरळ उडण्याच्या वेगाने ठरत नाही.

लहान कॅनोपीचे दोर आखूड असतात. एकाच बनावटीच्या २३० आणि १३० चौरस फुटांच्या कॅनोपी शेजारी ठेवल्या, तर दुसरीची रुंदी आणि दोरांची लांबी पहिलीच्या सुमारे तीन चतुर्थांश भरेल. लांब दोराला टांगलेला दगड सावकाश झोके घेतो आणि आखूड दोराचा भराभर. कॅनोपीखाली टांगलेल्या माणसाचेही तसेच आहे. टॉगल (ब्रेकच्या दोराला जोडलेली, हातात धरायची मूठ) ओढला की लहान कॅनोपी लवकर कलते, लवकर वळते आणि लवकर नाकाने खाली जाते. शिवाय तिचा टॉगल वरपासून खालपर्यंत जेवढा प्रवास करतो तो सगळाच कमी असतो, त्यामुळे हात दहा सेंटिमीटर खाली आला तर मोठ्या कॅनोपीवर ती किरकोळ दुरुस्ती ठरते आणि लहान कॅनोपीवर तेच मोठे वळण होते. कॅनोपीचे स्वतःचे वजन आणि तिच्यात अडकलेली हवाही कमी असल्याने तिला रोखून धरणारे जडत्व थोडे असते.

याचा अर्थ असा की १३० च्या कॅनोपीखाली १.० या आकड्याने उडणारी नवशिकी मुलगी आणि २३० खाली त्याच आकड्याने उडणारा नवशिका मुलगा एकाच पातळीची कॅनोपी उडवत नाहीत. मुलीच्या हातात अनुभवी उडीबहाद्दराची कॅनोपी आहे आणि मुलाच्या हातात शिकाऊची. जमिनीपासून शंभर फुटांवर दोघांनीही घाबरून एक टॉगल जोरात ओढला, तर मुलाला कदाचित सावरायला वेळ मिळेल, मुलीला मिळणार नाही. या खेळात जीव जातात ते बहुधा पॅराशूट न उघडल्याने, अशी सर्वसामान्य समजूत आहे. वास्तविक गंभीर अपघातांचा मोठा वाटा पूर्ण उघडलेल्या, ठणठणीत कॅनोपीखाली, जमिनीजवळ घेतलेल्या वळणांत घडतो.

कॅनोपी बनवणाऱ्या कंपन्यांनाही हे माहीत असते. त्यांच्या तक्त्यांत प्रत्येक आकारापुढे शिकाऊ, नवशिका, मध्यम आणि अनुभवी अशा रकान्यांत कमाल वजन दिलेले असते आणि लहान आकारांपुढे शिकाऊ व नवशिक्याचे रकाने बरेचदा रिकामेच ठेवलेले असतात. रिकामा रकाना म्हणजे ‘वजन कितीही कमी असले तरी नाही’, असा त्याचा अर्थ घ्यावा.

चौथी पायरी: आकड्याबरोबर क्षेत्रफळाचीही किमान मर्यादा ठरवा

हलक्या व्यक्तीने म्हणून दोन मर्यादा एकाच वेळी पाळाव्यात. पहिली विंग लोडिंगची कमाल मर्यादा आणि दुसरी क्षेत्रफळाची किमान मर्यादा. या दोहोंतून जी मोठी कॅनोपी निघेल, ती आपली. नेदरलँड्ससारख्या देशात नियमच अशा दुहेरी स्वरूपाचे आहेत. उड्यांच्या संख्येनुसार तेथे दोन्ही मर्यादा बांधून दिलेल्या असतात.

प्रस्तुत लेखकाच्या मते आपल्या विद्यार्थिनीने प्रशिक्षण १९० ते २१० च्या कॅनोपीवर करावे, परवाना मिळाल्यावर १७० वर स्थिर व्हावे, आणि शंभरेक उड्या होईपर्यंत १५० चा विचार करू नये. १३५ चा प्रश्न दोनशे उड्यांच्या पुढचा आहे, तोही कॅनोपी चालवण्याचे स्वतंत्र प्रशिक्षण घेतल्यावरचा. ही संख्या परवान्याच्या दिनांकापासून धरू नये. मधल्या काळात खंड पडला असेल तर हिशेब मागे न्यावा. बेळगावहून वर्षातून एकदा सुट्टी काढून दहा-पंधरा उड्या मारायला जाणाऱ्याला शंभर उड्या गाठायला कित्येक वर्षे लागतील आणि प्रत्येक वेळी त्याचे हात काही अंशी नव्याने शिकत असतील, ही वस्तुस्थिती आहे. आपल्या प्रशिक्षकाने आपले उतरणे पाहून याहून मोठी कॅनोपी सुचवली, तर वाद न घालता ती घ्यावी. त्याने लहान सुचवली, तर मात्र कारण विचारावे, आणि त्या कारणात ‘तू हलकी आहेस’ याशिवाय दुसरे काही आहे का, हे पाहावे.

पाचवी पायरी: वाऱ्याचा प्रश्न लहान कॅनोपी घेऊन सोडवू नका

मोठ्या कॅनोपीखालच्या हलक्या माणसाची एक अडचण खरी आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. विंग लोडिंग १.० वरून ०.६ वर आले, तर पुढे जाण्याचा वेग सुमारे २३ टक्क्यांनी घटतो. तुकडीतले इतर जण वाऱ्याला तोंड देऊन पुढे सरकत असताना हलकी व्यक्ती जागच्या जागी लटकून राहते, कधी तर उलटी मागे जाऊ लागते. कॅनोपीच्या आतील दाबही विंग लोडिंगबरोबर कमी होतो, त्यामुळे वाऱ्याच्या भोवऱ्यात तिचे कप्पे लवकर मिटतात. ‘तुला मोठी कॅनोपी मागे नेईल, थोडी लहान घे’ हा सल्ला येथूनच येतो. देणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा चांगला असतो, पण उपाय चुकीचा असतो. वारा रोज बदलतो, लहान कॅनोपी मात्र शांत दिवशीही लहानच राहते, आणि वाऱ्याशिवाय उतरताना तिचा सगळा वेग जमिनीवर येतो.

या अडचणीचे खरे उत्तर जमिनीवर थांबण्यात आहे. यूएसपीएच्या नियमानुसार एकट्याने उडी घेणाऱ्या विद्यार्थ्यासाठी जमिनीवरील वाऱ्याची कमाल मर्यादा चौकोनी कॅनोपीला ताशी १४ मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर आहे. ही मर्यादा सर्व वजनांच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, ०.६ च्या आसपास उडणाऱ्याने स्वतःसाठी ती आणखी खाली, ताशी १५ ते १६ किलोमीटरवर ठेवणे शहाणपणाचे आहे. शिवाय जमिनीवरच्या वाऱ्यावर जाऊ नये, कारण हजार फुटांवर वारा बहुधा अधिक असतो. वाऱ्याचा सरासरी वेग आणि झोत यांतील फरकही विचारून घ्यावा. सरासरी १२ आणि झोत २२ असलेला दिवस सलग १६ वाहणाऱ्या दिवसापेक्षा वाईट असतो.

आपल्या भागातील ऋतुमान ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे चटकन समजेल. थंडीतल्या सकाळी हवा स्थिर असते. मार्चनंतर जमीन तापू लागली की दुपारी हवेत उसळ्या सुरू होतात. आणि एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो, तेव्हा पाऊस पडण्याआधी धूळ उडवणारा जो वारा सुटतो तो काही मिनिटांत दिशा आणि वेग दोन्ही बदलून टाकतो. आकाशाच्या कडेला ढग चढताना दिसला की हलक्या व्यक्तीने विमानात बसू नये, मग तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील.

अडथळ्यांमागचा भोवरा हा याच प्रश्नाचा दुसरा भाग आहे. अडथळ्याच्या उंचीच्या दहा ते वीस पट अंतरापर्यंत वाऱ्याच्या आडोशाला हवा खवळलेली असू शकते. निपाणी-चिकोडीकडचा उभा ऊस तीन मीटर उंच धरला, तर त्यामागे तीस ते साठ मीटर आणि बारा मीटर उंच झाडांच्या रांगेमागे १२० ते २४० मीटर जागा संशयास्पद समजावी. ठरलेले मैदान चुकून शेतात उतरण्याची वेळ आली, तर उसाच्या आडोशाचा मोकळा तुकडा जवळ दिसतो म्हणून तो निवडू नये. वाऱ्याच्या बाजूने मोकळे असलेले शेत थोडे दूर असले तरी तेच घ्यावे.

एवढी काळजी घेऊनही हवेत असताना वारा वाढलाच, तर तोंड वाऱ्याकडे ठेवावे, टॉगल वर सोडून कॅनोपीला पूर्ण वेग द्यावा, अधूनमधून मागे वळून आपण कोठे सरकत आहोत ते पाहावे आणि तेथे मोकळी जागा आहे का, हे उंचावर असतानाच ठरवावे. जमिनीजवळ वळू नये. पाय जुळवून, गुडघे किंचित वाकवून, अंग टाकून उतरण्याची जी पद्धत प्रशिक्षणात घोटून घेतात ती येथे उपयोगी पडते. उतरल्यावर मोठी कॅनोपी हलक्या माणसाला फरफटत नेऊ शकते, म्हणून एकाच बाजूचा टॉगल हातावर हात टाकत ओढत राहावा, कॅनोपी मिटेपर्यंत सोडू नये, आणि उठता आले तर तिला वळसा घालून वाऱ्याच्या पलीकडच्या अंगाला पळावे.

सहावी पायरी: उंची आणि उष्मा हिशेबात धरा

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंच आहे आणि म्हैसूरही त्याच उंचीच्या आसपास आहे. विरळ हवेत पंखाला तेवढेच वजन पेलण्यासाठी अधिक वेगाने उडावे लागते, आणि उष्णतेने हवा आणखी विरळ होते.

एक हिशेब करून पाहू. दुबईत समुद्रसपाटीला हिवाळ्यात २५ अंश तापमान असेल, तर हवा प्रमाण वातावरणातील सुमारे १,२०० फुटांवरच्या हवेइतकी विरळ असते. म्हैसूरसारख्या २,४०० फूट उंचीच्या जागी एप्रिलमध्ये ३४ अंश तापमान असेल, तर ती सुमारे सव्वापाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. या दोहोंत कॅनोपीचा वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढतो. वेगाच्या दृष्टीने बोलायचे तर दुबईत १५० ची कॅनोपी जशी वागते, तशी म्हैसूरच्या उन्हात १७० ची वागते. दुबईत शिकून आलेल्या विद्यार्थिनीने दख्खनच्या पठारावरची पहिली उडी आपल्या सवयीच्या कॅनोपीपेक्षा एक आकार मोठी घेऊन, सकाळच्या थंड हवेत घ्यावी, असे म्हणूनच सुचवावेसे वाटते. नारनौलची उंची हजार फुटांच्या आसपास असल्याने तेथे हा फरक कमी जाणवतो. तेथील उन्हाळ्याचे तापमान मात्र तो भरून काढते.

सातवी पायरी: हात टॉगलला पुरतात का, हे तपासा

हलकी व्यक्ती बहुधा लहान चणीची असते आणि तिचे हात आखूड असतात. कॅनोपी कितीही योग्य आकाराची असली तरी उतरताना टॉगल शेवटपर्यंत खाली नेता आले नाहीत, तर तिचा वेग पूर्ण मोडत नाही. प्रशिक्षणाची रिग मोठ्या माणसांनाही वापरायची असल्याने तिचे हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचे पट्टे, सैल असते. त्यात लहान चणीचे अंग खाली घसरते, खांद्यावरचे पट्टे वर जातात आणि टॉगल हाताच्या टप्प्याबाहेर सरकतात. म्हणून जमिनीवरच टांगणीच्या साहित्यात बसून, पायांचे पट्टे आवळून, दोन्ही टॉगलपर्यंत हात पोहोचतो का, ते प्रशिक्षकासमोर पाहून घ्यावे. दोन्ही पायांचे पट्टे सारखे आवळलेले असावेत; एक सैल राहिला तर अंग कलते आणि कॅनोपी आपोआप एका बाजूला वळू लागते.

मोठ्या कॅनोपीचे टॉगल जडही लागतात. ताकद कमी पडत असेल तर कोपरे अंगाजवळ ठेवून, छातीच्या खाली हात आल्यावर तळव्यांनी खाली ढकलण्याची सवय करावी, आणि पाय टेकेपर्यंत हात वर येऊ देऊ नयेत. अंगमेहनतीची सवय असलेल्यांना हे सोपे जाते. इतरांनी घरी दोरीच्या साहाय्याने सराव करायला हरकत नाही.

स्वतःची रिग घेतल्यावर ब्रेकचे दोर आपल्या हातांना लांब पडतात का, हे उंचावर तपासता येते: टॉगल पूर्ण खाली नेऊन काही सेकंद धरले, तरी कॅनोपी मंदावून मागे झुकण्याच्या अवस्थेला येतच नसेल, तर दोर लांब आहेत. हा प्रयोग प्रशिक्षकाच्या सूचनेनुसार आणि भरपूर उंची हातात असतानाच करावा. दोर आखूड करण्याचे काम रिगरचे, म्हणजे पॅराशूट तपासणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या कारागिराचे, आहे. ते जास्त आखूड झाले तर हात पूर्ण वर असतानाही कॅनोपीची मागची कड ओढलेली राहते आणि आधीच कमी असलेला वेग आणखी घटतो.

आठवी पायरी: बनावट आणि मापाची पद्धत

नवशिक्यासाठी नऊ कप्प्यांची, किंचित निमुळती किंवा चौकोनी कॅनोपी ठीक असते. सात कप्प्यांची थोडी उभट उतरते आणि अवघड जागी अचूक उतरायला बरी पडते. खूप निमुळत्या बनावटी पहिल्या काही शे उड्यांत पाहूच नयेत. सर्व कंपन्या क्षेत्रफळ एकाच पद्धतीने मोजत नाहीत, त्यामुळे एका कंपनीची १५० आणि दुसरीची १५० नेमकी सारखी असेलच असे नाही. कंपनी बदलताना आकार तोच ठेवला तरी पहिल्या उड्या नव्या कॅनोपीच्या समजूनच घ्याव्यात.

नववी पायरी: राखीव कॅनोपी

मुख्य कॅनोपीवर विचार करून करून माणूस थकतो आणि राखीव कॅनोपी रिगबरोबर जी आली ती स्वीकारतो. राखीव कॅनोपी उघडण्याची वेळ येते तेव्हा उंची कमी असते, मैदान दूर राहिलेले असते, मन गोंधळलेले असते, आणि कधी माणूस जखमीही असतो. अशा वेळी ती मुख्य कॅनोपीपेक्षा अधिक सोपी असायला हवी. आपल्या विद्यार्थिनीने १७० ची मुख्य कॅनोपी घेतली, तर राखीवही त्याच्या जवळपासची, १६० ते १७६ च्या घरातली असावी. ११३ ची नको, जरी तिच्यावर छापलेल्या कमाल वजनात तिचे वजन आरामात बसत असले तरी. ते छापलेले वजन कापड आणि शिवण किती पेलू शकते हे सांगते, उतरणाऱ्याला काय पेलेल हे सांगत नाही. दोन्ही कॅनोपी एकाच वेळी उघडण्याचा दुर्मीळ प्रसंग आला, तर आकार जवळजवळचे असल्यास त्या एकमेकींबरोबर अधिक नीट उडतात.

दहावी पायरी: आकार कमी करण्याआधी

सध्याच्या कॅनोपीवर पुढील गोष्टी सवयीच्या झाल्याशिवाय लहान आकार मागू नये: ब्रेक ओढलेल्या अवस्थेत, उंची फारशी न गमावता सपाट वळण घेणे, आडव्या वाऱ्यात सरळ उतरणे, मंद वाऱ्यात वाऱ्याच्या दिशेने उतरावे लागले तरी न घाबरणे, मागच्या रायझरने (खांद्यापासून दोरांपर्यंत जाणाऱ्या पट्ट्याने) वळणे आणि वेग मोडणे, आणि ठरवलेल्या जागेजवळ वारंवार उतरणे. उतरण्याच्या मार्गाचे टप्पे, सुमारे हजार फुटांवर वाऱ्याबरोबर, सहाशेवर आडवे आणि तीनशेवर वाऱ्याकडे तोंड, हे न चुकता पाळता आले पाहिजेत. मोठ्या कॅनोपीखालची हलकी व्यक्ती हवेत सर्वांत सावकाश असते आणि मागून येणारे तिला गाठतात, म्हणून तिचा मार्ग इतरांना ओळखता येईल असा असणे तिच्याच हिताचे आहे.

आकार एका वेळी एकच पायरी कमी करावा आणि त्याच दिवशी दुसरे काहीही बदलू नये. नवे मैदान, नवे शिसे, नवी कॅनोपी असे एकत्र करू नये. १७० वरून १५० वर येणे म्हणजे क्षेत्रफळ सुमारे १२ टक्क्यांनी कमी करणे. २३० वरून २१० वर येतानाही फरक वीसच चौरस फुटांचा असतो, पण तो ९ टक्क्यांहून कमी आहे. म्हणजे तेवढेच फूट कमी करताना हलक्या व्यक्तीची उडी मोठी असते.

अकरावी पायरी: जुनी रिग विकत घेताना

नवी रिग काही लाखांच्या घरात जाते, म्हणून बहुतेक जण वापरलेली घेतात. लहान चणीच्या व्यक्तीसाठी येथे एक सापळा आहे. तिच्या अंगाला बसणारे हार्नेस बहुधा दुसऱ्या लहान चणीच्या, पण अनुभवी व्यक्तीने शिवून घेतलेले असते, आणि त्याला जोडलेला कंटेनर (घडी केलेल्या कॅनोपी ठेवायची पाठीवरची पिशवी) १०७ किंवा १२० च्या कॅनोपीच्या मापाचा असतो. हार्नेस अंगावर चपखल बसले की मन भरते, किंमतही बरी वाटते, आणि मग कॅनोपीचा आकार कंटेनर ठरवू लागतो. व्यवहार उलट्या क्रमाने करावा: आधी मुख्य आणि राखीव कॅनोपीचे आकार प्रशिक्षकाबरोबर निश्चित करावेत, ते कागदावर लिहावेत, मग त्या मापाचा कंटेनर शोधावा आणि शेवटी हार्नेस पाहावे. हार्नेस कारागिराकडून लहान करून घेता येते. कंटेनर मोठा करता येत नाही.

विकणाऱ्याकडून कंटेनरचे मॉडेल, त्यात बसणाऱ्या मुख्य व राखीव कॅनोपीच्या आकारांची कंपनीने दिलेली मर्यादा, दोन्ही कॅनोपींच्या उत्पादनाचे वर्ष, दोर केव्हा बदलले आणि स्वयंचलित उघडणी यंत्राची मुदत कधीपर्यंत आहे, हे लेखी मागून घ्यावे. मोठी कॅनोपी लहान कंटेनरमध्ये कोंबून चालवता येते असे कोणी सांगितले, तर तो व्यवहार तेथेच सोडावा, कारण दाटून बसवलेली कॅनोपी बाहेर पडायला अडते. मध्यम आकाराचा, १५० ते १७० दोन्ही सामावणारा कंटेनर मिळाला, तर पुढचा एक आकार बदलतानाही तोच चालतो. पैसे देण्याआधी संपूर्ण रिग आपण निवडलेल्या रिगरकडे तपासणीला पाठवण्याची अट घालावी. विकणाऱ्याने सुचवलेल्या रिगरकडे नव्हे. तपासणीचा आणि पाठवणीचा खर्च आपल्याला सोसावा लागला तरी तो किमतीतच धरून चालावे.